‘स्वतःप्रत अर्पण’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी सहावीतली नात शाळेच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका एका दमात, कुठेही न अडखळता म्हणते. परवा तिने विचारले, ‘आजोबा, स्वतःप्रत अर्पण म्हणजे? आपणच आपल्याला कसे काय देतो?’ मी उभी हयात नागरिकशास्त्र शिकवले, तरी मला चटकन उत्तर सुचले नाही. नव्या पिढीत देशप्रेम उरले नाही अशी ओरड आपण करतो खरी. पण देश कसा घडला ही गोष्ट न सांगता तिचे शेवटचे वाक्य तेवढे आपण मुलांकडून पाठ करून घेतले आहे.

ती गोष्ट अशी. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिका संविधान सभेपुढे आली, तेव्हा ह. वि. कामत यांनी तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. ईश्वर का, देवी का नको, असेही एका सदस्याने विचारले. श्रद्धा ही ज्याची त्याची बाब आहे, ती सर्वांच्या नावाने लादता येणार नाही, असा हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप होता. ईश्वरावर मतदान करण्याचा प्रसंग सभागृहावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. कामत हटले नाहीत. मते मोजली गेली: बाजूने ४१, विरोधात ६८. गांधीजींच्या हत्येला दोन वर्षेही झाली नव्हती, तरी त्यांचे नाव घालण्याची सूचनासुद्धा टिकली नाही. देवाचे नाव नाही, महात्म्याचे नाही. उरले ते ‘आम्ही, भारताचे लोक’. देणारा दुसरा कोणी नाही, म्हणून ‘स्वतःप्रत’. नातीला मी दुसऱ्या दिवशी हेच सांगितले.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, सगळेच सदस्य पक्षशिस्तीपुढे झुकले असते तर सभेचे कामकाज नीरस झाले असते, असे सांगून ज्या मोजक्या बंडखोरांचा गौरवाने उल्लेख केला, त्यांत पहिले नाव कामतांचे आणि दुसरे आपल्या विदर्भाच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे होते.

२६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, शाळाशाळांतून घोषवाक्ये आणि रांगोळ्यांच्या स्पर्धा होतात. त्या खुशाल व्हाव्यात. मात्र त्या दिवशीची एक तासिका या चर्चेसाठी राखून ठेवावी, वर्गातल्या मुलांनी दोन बाजू घेऊन ती वाचावी आणि शेवटी हात वर करून मतदानही करावे, अशी माझी शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे. संविधान सभेची इतिवृत्ते छापील स्वरूपात आहेत. त्यांतील निवडक उतारे सोप्या मराठीत करून पाठ्यपुस्तकात घालण्याचा विचार पाठ्यपुस्तक मंडळानेही करावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा