डॉल्स, लिपस्टिक आणि तुझी सनई

पुणे, रविवार दुपार

प्रिय दिन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "तुझा तो अमेरिकन रॉक बँड, न्यूयॉर्क डॉल्स, ऐकला रे, पण पोरं सुरात कुठे आहेत?" पाहुणे बसले होते म्हणून गप्प राहिलो. आता निवांत भांडतो.

आधी जुना हिशेब. हॉस्टेलवर मिनतवाऱ्या करून मी त्यांचा पहिला अल्बम कॅसेटवर भरून घेतला होता, आणि तू त्याच्यावरच ताईच्या लग्नातली सनई भरलीस! 'ट्रॅश' ऐन रंगात आलं की खट् आणि लगेच मंगलाष्टका. कितीतरी वर्षं मला ते गाणं तसंच पाठ होतं.

अल्बम आला २७ जुलै १९७३ला, शुक्रवारी. बरोबर पुढच्या शुक्रवारी न्यूयॉर्कमधल्या मर्सर आर्ट्स सेंटरची इमारत कोसळली. ज्या जागेनं त्यांना नाव मिळवून दिलं, तीच गेली. त्याआधी नोव्हेंबर १९७२मध्ये पहिला ड्रमर बिली मर्सिया लंडनमध्ये वारला, जेमतेम एकवीस वर्षांचा. त्याच्या जागी जेरी नोलन आला, म्हणून तर रेकॉर्डिंग झालं.

कव्हर बघितलंस का? कृष्णधवल फोटो, सोफ्यावर पाच बाप्ये नटूनथटून, बँडचं नाव लिपस्टिकनं लिहिलेलं. गायक डेव्हिड जोहान्सन आरशात स्वतःलाच न्याहाळतोय. तुला लगेच बालगंधर्व आठवतील, पण तिथेच गफलत होते. बालगंधर्व शालू नेसले की समोर बाईच दिसायची. यांना बाई दिसायचंच नाही. रंग फासलाय हे दिसलं पाहिजे, हीच तर गंमत.

गाण्याचंही तेच. हेडफोन लाव आणि 'पर्सनॅलिटी क्रायसिस' ऐक. आधी आरोळी, खाली पियानोची धोपटाधोपट, आणि जॉनी थंडर्सची गिटार गाण्यावर वसकन ओरडते. घासलेला, किंचित घसरलेला सूर आहे, कबूल! पण 'लुकिंग फॉर अ किस'च्या सुरुवातीचं बोलणं त्यांनी शांग्री-लाज या मुलींच्या ग्रुपकडून उचललंय. म्हणजे रेडिओवरची गोड गाणी या पोरांच्या अंगात भिनली होती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अल्बमला त्यांनी शांग्री-लाजचाच निर्माता गाठला, शॅडो मॉर्टन. (तो अल्बम जरा ढिला वाटतो मला, पण ते भांडण नंतर.) पहिल्याचा निर्माता टॉड रंडग्रेन, हात एकदम सफाईदार. त्याच्या मिक्सवर थंडर्स खट्टू झाला. मला मात्र वाटतं, त्या ओढाताणीनंच अल्बम जिवंत राहिला. नुसती सफाई असती तर मेला असता, नुसता धुडगूस असता तर चार दिवसांत विसरलो असतो.

विक्री यथातथाच. बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियता यादीत ११६व्या क्रमांकाच्या वर काही गेला नाही. 'क्रीम' मासिकाच्या वाचकांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा बँड म्हणून यांना निवडलं, आणि सर्वात वाईट नवा बँड म्हणूनही यांनाच! म्हणजे तुझी-माझी भांडणं तिकडे तेव्हाच होऊन गेली.

फेब्रुवारी २०२५मध्ये जोहान्सनही गेला. सोफ्यावरच्या पाचांतला शेवटचा. त्या रात्री मोबाईलवर अख्खा अल्बम लावला. 'ट्रॅश' पहिल्यांदाच सलग शेवटपर्यंत आलं, आणि मी वेड्यासारखा सनईची वाट बघत बसलो.

ताईकडे ती कॅसेट अजून असेल तर दिवाळीला येताना घेऊन ये. टेपरेकॉर्डर मी दुरुस्त करून ठेवतो.

तुझा,
बंड्या