चौकीवरच्या स्टार्टरकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "मॅडम, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय पावसापाण्यावर नेता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतील, तेव्हा तुम्हाला फोन ठेवता यायचा नाही. नाव आणि चौकी छापायची नाही असं बजावलंय तुम्ही, ते पाळते. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की मुंबईच्या पूर्व उपनगरात एका स्टेशनबाहेर बेस्टची चौकी आहे आणि तिथून गाड्या सोडण्याचं काम तुम्ही निवृत्त होईपर्यंत केलंत.

आमच्या अहवालांत सुरुवातीला आभाराचं एक पान असतं. त्यात साहेबांची नावं येतात, हुद्द्यांसह, ज्येष्ठतेच्या क्रमाने. त्या पानावर स्टार्टर हा हुद्दा मी अजून पाहिलेला नाही. ते राहिलंय, ते इथे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, इतरांना सांगावं लागतं. तिकीट मशीनमधल्या नोंदी, गाड्यांच्या जीपीएसच्या नोंदी आणि छापील वेळापत्रक समोर ठेवून कुठल्या मार्गावर किती माणसं जातात, किलोमीटरमागे किती उत्पन्न येतं, कुठे गाडी वाढवावी, कुठे फेरी पुढे ढकलावी, हे काढायचं. सल्लागार कंपनीची नोकरी, खुर्ची एसीत. आई नातेवाइकांना "मुलगी बसच्या ऑफिसात आहे" असं सांगते, मग ते पास काढून मागतात. ते असो.

मला तुमच्या चौकीवर पाठवलं होतं ते फाइलमधल्या वेळा प्रत्यक्षाशी ताडून बघायला. मी प्रश्नांचा कागद काढला. तुम्ही तो हातात घेतलात, वाचलात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, "आधी दोन तास बसा. मग जे उरेल ते विचारा." स्टूल पुढे सरकवलंत. चहा आला, त्याचे पैसे मला कधी देऊ दिले नाहीत.

त्या दोन तासांत एकाच नंबरच्या दोन गाड्या पाठोपाठ आत आल्या. पहिली उशिराची, दुसरी वेळेवरची. पहिली तुम्ही लगेच सोडलीत. दुसरी भरली, दार बंद झालं, ड्रायव्हरने तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही हाताने "थांब" केलंत. पाचेक मिनिटांत आतून आवाज सुरू झाले. "रस्ता मोकळा आहे, सोडा की!" एक गृहस्थ खाली उतरून थेट खिडकीशी आले, तक्रार करतो म्हणाले. तुम्ही वर न बघता बॅज नंबर सांगितलात, तक्रार कुठे करायची तेही सांगितलंत, आणि त्यांनी लिहून घ्यावं म्हणून स्वतःचं पेन दिलंत! ते पेन घेऊन नुसतेच उभे राहिले. गाडी तुम्ही तुमच्या वेळेला सोडलीत, ते धावत जाऊन चढले. पेन मात्र त्यांच्याबरोबर गेलं.

मग मला म्हणालात, "हे ओरडतात कारण मी यांना दिसतो. पुढच्या नाक्यावर बाई उभी असेल, तिला मी दिसत नाही. ती कुणावर ओरडणार?"

आमच्या धंद्यात याला होल्डिंग म्हणतात. गाड्या एकमेकींना का चिकटतात याचं गणित न्यूवेल आणि पॉट्स या दोघांनी १९६४ मध्ये मांडलं. (त्याच वर्षी ३१ मार्चला मुंबईतली शेवटची ट्राम धावली, पण हा निव्वळ योगायोग.) उशिरा निघालेल्या गाडीला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं भेटतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला माणसंच मिळत नाहीत, ती पळत येऊन पुढचीला गाठते. एकदा गाठलं की दोघी मिळून शेवटच्या थांब्यापर्यंत वरात काढतात. यावर उपाय सुरुवातीलाच, तो म्हणजे मागचीला धरून ठेवणं.

त्या बाईचा हिशेब मी नंतर बसून केला. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर वाट पाहणं सरासरी ५ मिनिटं, असं आमच्या तक्त्यात सरसकट धरतात. पण २० मिनिटांत दोन गाड्या आल्या, एक १८ मिनिटांनी आणि दुसरी तिच्यामागोमाग २ मिनिटांनी, तर? कागदावर अजूनही "सरासरी १० मिनिटांनी एक गाडी"च आहे. थांब्यावर मात्र मिनिटाला ३ माणसं येत असतील, तर पहिल्या गाडीला ५४ भेटतात, दुसरीला ६. त्या ५४ जणांनी सरासरी ९ मिनिटं वाट पाहिली, ६ जणांनी एकेक मिनिट. सगळ्यांची मिळून सरासरी ८.२ मिनिटं. आणि गाड्यांची सरासरी काढली तर दर गाडीत ३० माणसं, म्हणजे आरामात. अहवालात ती ३० छापून येतात. ६० पैकी ५४ जण दाराला लटकत गेले, हे कुठेच येत नाही. तुमच्या त्या "थांब"ने वाट पाहणं ८.२ वरून ५ कडे येतं, आणि हे तुम्ही हातातल्या घड्याळावर करत होतात. आता मी कुठल्याही मार्गाची सरासरी छापते तेव्हा शेजारी गाड्यांमधलं अंतर किती बिघडलंय तेही छापते. वरिष्ठ म्हणतात तक्ता लांबतो. लांबू दे.

दुसरी गोष्ट लोकलची. छापील वेळेपेक्षा तुमची एक गाडी रोज संध्याकाळी थोडी मागे सुटते हे मला नोंदींत दिसत होतं, कारण कळत नव्हतं. विचारल्यावर तुम्ही पुलाकडे हात दाखवलात. स्लो लोकल लागली, माणसं पुलावर चढली, उतरली, भाजीवाल्यांमधून वाट काढत थांब्यापर्यंत पोचली, याला लागणारी मिनिटं तुमच्या डोक्यात होती. त्याआधी सोडली की गाडी रिकामी जाते आणि मागे रांग उभी राहते. पावसात ती मिनिटं वाढतात, कारण पुलाखाली छत्र्या उघडतात आणि सगळे तिथेच अडतात. छत्र्यांचं हे कुठल्या जीपीएसला कळणार होतं?

पण सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते रांगेबद्दलचं. मशीनमध्ये तिकीट काढलेला माणूस दिसतो. जो चढूच शकला नाही तो दिसत नाही. जो दहा मिनिटं उभा राहून कंटाळला आणि पलीकडे शेअर रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहिला, तोही नाही. तुम्ही मला ती रिक्षाची रांग दाखवून म्हणालात, "ते बघा, ते पण आमचेच पॅसेंजर. फक्त आमच्याकडे नाहीत." आणि पुरावा म्हणून जुलै २०१९ ची आठवण काढलीत. पहिल्या ५ किलोमीटरला ५ रुपये झाले तेव्हा ती रांग अर्ध्यावर आली आणि तुमच्या थांब्यावर अचानक माणसं उगवली, असं तुम्ही सांगितलंत. ही माणसं काही त्या महिन्यात मुंबईत राहायला आली नव्हती. ती आधीपासून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभी होती.

मे २०२५ मध्ये तेच भाडं १० झालं. तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन घरी होतात. तरी फोन आला, कसं काय वगैरे काही नाही, थेट "मॅडम, रांग बघून आलात का?" मी त्याच संध्याकाळी गेले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पाहणीत दोन रकाने जास्त आहेत, गाडी सुटल्यावर थांब्यावर किती माणसं उरली, आणि शेजारच्या रिक्षा स्टँडवर किती उभी होती. भरायला माणूस उभा करावा लागतो, खर्च येतो, दर वेळी भांडून मंजूर करून घेते.

आणि ते २५:१५ चं. वाचणाऱ्यांसाठी सांगते. बसचं वेळापत्रक मोबाइलवरच्या नकाशात दिसावं म्हणून जगभर एक ठरावीक मांडणी वापरतात, जीटीएफएस नावाची. ती २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गूगल यांनी मिळून सुरू केली. त्यात मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या दिवसाच्याच खात्यात ठेवायची असते, म्हणून रात्री सव्वाएकला २५:१५ लिहितात. मी प्रत्येक नव्या माणसाला हे समजावते आणि प्रत्येक जण आधी हसतो. तुम्ही हसला नाहीत. "बरोबर आहे, ड्युटी संपल्याशिवाय दिवस कुठे संपतो?" म्हणालात आणि पुढची गाडी सोडलीत. इतक्या लवकर हे कुणालाच पटलेलं मी पाहिलेलं नाही, इंजिनिअरांना तर नाहीच.

१५ जुलै १९२६ ला अफगाण चर्चहून क्रॉफर्ड मार्केटला मुंबईची पहिली बस निघाली. तेव्हाही कुणीतरी हात हलवून ती सोडली असेलच, पण त्या माणसाबद्दल मी कुठे वाचलेलं नाही. तुमच्याबद्दल वाचायला मिळावं, भले नावाशिवाय, एवढी माझी हौस.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात आमच्याकडे नवीन मुलं रुजू होतायत, हुशार आहेत, कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा झरझर चालतात. पहिल्या आठवड्यात त्यांना लॅपटॉप द्यायचा नाही असं ठरवलंय. स्टेशनबाहेर संध्याकाळी उभं करायचं, एका बाजूला बसची रांग, दुसऱ्या बाजूला रिक्षाची. गुडघा बरा असेल तर तुम्ही यावं. खुर्चीची सोय करते, स्टूल नको. परवानगीचं पत्र मी काढेन. वेळ संध्याकाळी साडेपाचची धरलीय, स्लो लोकलच्या हिशेबाने ती मागेपुढे करायची असेल तर कळवा. आणि चहाचे पैसे मी देणार, त्यावर चर्चा नाही.

काकूंना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुमची,
स्टुलावरची मॅडम