शिर्डी विमानतळाला पूर्ण अधिकार असलेला प्रमुख द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिर्डी विमानतळाच्या 645 कोटी रुपयांच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. 2027 च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थात येथे येणाऱ्या भाविकांची गर्दी लक्षात घेता ही इमारत हवीच होती, आणि या परिसराचा रहिवासी म्हणून मला तिचा मनापासून आनंद आहे. मात्र इमारत किती मोठी होणार, धावपट्टी किती वाढणार, नवे विमान कुठून सुरू होणार याची जेवढी चर्चा आपल्याकडे होते, तेवढी हा विमानतळ रोजच्या रोज कोण चालवतो आणि त्याच्या हातात काय असते याची कधीच होत नाही. माझ्या मते विमानतळाचे बरेवाईट ठरते ते याच गोष्टीवर.

काकडी येथील हा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा, म्हणजे राज्य सरकारचा आहे. ही कंपनी 2002 मध्ये स्थापन झाली ती प्रामुख्याने नागपूरच्या मिहान, म्हणजे मालवाहतूक विमानतळ व विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रकल्पासाठी. मुख्यमंत्री तिचे अध्यक्ष असतात, व्यवस्थापकीय संचालकपदी भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी असतो आणि मुख्यालय मुंबईत कफ परेडला आहे. मिहानचा पसारा, 16 एप्रिल 2025 पासून प्रवासी सेवा सुरू झालेला अमरावतीचा बेलोरा विमानतळ आणि शिर्डी असे सगळे या एकाच कार्यालयाने सांभाळायचे आहे. शिर्डीला विमानतळ संचालक असतो, पण त्याच्याभोवतीची रचना पाहिली म्हणजे त्याचे काम किती अवघड आहे हे कळते. धावपट्टी आणि टर्मिनल कंपनीचे. हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. हवामानाची माहिती हवामान खात्याची. सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची. परवाना आणि तपासणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची. आणि विमान येणार की नाही हे ठरवणार विमान कंपनी. यांपैकी बहुतेकांचे वरिष्ठ दिल्लीत किंवा मुंबईत बसतात. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून निर्णय घडवून आणणारा माणूस जागेवर नसेल, तर प्रत्येक जण आपापले काम चोख करत असतानाही विमानतळ अडून राहतो.

हे शिर्डीने अनुभवले आहे. 1 ऑक्टोबर 2017 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर 2019 च्या मध्यापासून सुमारे महिनाभर, कमी दृश्यमानतेमुळे येथील विमानसेवा ठप्प झाली. देशभरातून दर्शनासाठी निघालेल्या भाविकांना बेत बदलावे लागले आणि येथील टॅक्सीवाले व हॉटेलवाले यांचा ऐन हंगाम हातचा गेला. हिवाळ्यात गोदावरीकाठच्या या बागायती पट्ट्यात सकाळी धुके आणि धुरकट हवा असते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. रात्री विमान उतरवण्याची परवानगी मिळायला तर 2023 साल उजाडले, म्हणजे उद्घाटनानंतर पाच वर्षांहून अधिक काळ गेला. तांत्रिक अटी कडक असतात आणि त्या तशाच असाव्यात, सुरक्षेत तडजोड करा असे कोणीही म्हणणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की या पाच वर्षांत या एका कामाचा रोज पाठपुरावा करणे ही कोणाची जबाबदारी होती, आणि ते काम न झाल्याचा जाब कोणाला विचारता आला असता?

इथे मला कोचीचे उदाहरण आठवते. तो विमानतळ मोठा आहे आणि त्याच्या कंपनीत केरळ सरकारबरोबर हजारो अनिवासी भारतीयांचेही भाग आहेत, त्यामुळे तुलना शब्दशः लागू होत नाही. तरीही एक साम्य डोळ्यांत भरते. तेथेही कंपनीचे अध्यक्ष मुख्यमंत्रीच असतात आणि व्यवस्थापकीय संचालक प्रशासकीय सेवेतलाच अधिकारी असतो. फरक पडला तो त्या पदाला मिळालेल्या स्थैर्याने. व्ही. जे. कुरियन यांनी 1990 च्या दशकात या कंपनीची उभारणी केली आणि पुढे वेगवेगळ्या टप्प्यांत तेच तिचे प्रमुख राहिले. शेवटचा टप्पा 2011 ते 2021 असा दहा वर्षांचा होता. या काळात केरळमध्ये सरकार बदलले, पण विमानतळाचा कारभारी त्यामुळे बदलला नाही. ऑगस्ट 2015 मध्ये हा विमानतळ संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ ठरला. 2018 च्या महापुरात धावपट्टी पाण्याखाली गेली, संरक्षक भिंतीचा मोठा भाग कोसळला, आणि 15 ऑगस्टला बंद पडलेला विमानतळ 29 ऑगस्टला पुन्हा सुरू झाला. पूर आणि धुके यांची बरोबरी होत नाही हे मान्य. पण संकटाच्या दिवशी निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस जागेवर असणे म्हणजे काय, हे त्या चौदा दिवसांनी दाखवले.

लहान विमानतळाला एवढा वरिष्ठ अधिकारी परवडत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. शेकडो कोटींची इमारत परवडते आणि ती चालवणारा अनुभवी माणूस परवडत नाही, हा हिशेब मला पटत नाही. लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेवरील 2023 च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी नोंदवले आहे की मंजूर झालेल्या 774 हवाई मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच झाले नाहीत, आणि त्यामागे विमानतळ वेळेत तयार नसणे हेही एक कारण होते. म्हणजे पैसा मंजूर होता, मार्ग मंजूर होते, तरीही अनेक ठिकाणी विमान आले नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या गावांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची आहे. काकडीच्या शेतकऱ्यांनी या विमानतळासाठी जमिनी दिल्या. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या कराच्या थकबाकीपासून स्थानिक तरुणांच्या नोकऱ्यांपर्यंत अनेक विषयांवर गाव आणि कंपनी यांच्यात वाद होत राहिले. कोचीतही शेकडो कुटुंबे विस्थापित झाली होती, पण तेथे त्यांना नोकऱ्या आणि टॅक्सीचे परवाने देऊन विमानतळाच्या कारभारात सामावून घेण्यात आले. आमच्याकडे सरपंचाला एखादा विषय मिटवायचा असेल, तर त्याने मुंबईच्या कार्यालयात खेटे घालायचे का? असे प्रश्न काकडीतच सुटले पाहिजेत, आणि ते सोडवण्याची मुखत्यारी विमानतळाच्या प्रमुखाकडे हवी.

म्हणून माझी सरकारला विनंती आहे की नवे टर्मिनल प्रवाशांसाठी खुले होण्यापूर्वीच शिर्डी विमानतळावर पूर्णवेळ प्रमुखाची नेमणूक व्हावी. तो विमानतळ चालवण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला असावा, मग तो प्राधिकरणातून आलेला असो वा खुल्या निवडीतून. त्याला किमान पाच वर्षांचा निश्चित कार्यकाळ मिळावा आणि मधल्या काळात बदली करायची झाल्यास कारण लेखी नोंदवावे. देखभाल, दुरुस्ती आणि तातडीची खरेदी यांसाठीचे त्याचे आर्थिक अधिकार शासन निर्णयाने ठरवून जाहीर करावेत, म्हणजे कशाबद्दल त्याला जबाबदार धरायचे हे लोकांनाही समजेल. रद्द झालेली उड्डाणे, त्यांची कारणे, प्रवाशांच्या तक्रारी आणि विमानतळाचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी मराठीत प्रसिद्ध व्हावा. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींबरोबर काकडी ग्रामपंचायत, साईबाबा संस्थान आणि टॅक्सीचालक यांचे प्रतिनिधी असलेली सल्लागार समिती दर महिन्याला विमानतळावरच भरावी, आणि तिचे इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे.

सिंहस्थ अगदी जवळ आला आहे. इमारतीचे काम रात्रंदिवस करून वेळ भरून काढता येईल, पण विमानतळाच्या प्रमुखाला इथली हवा, इथली माणसे आणि सगळ्या यंत्रणा ओळखीच्या व्हायला निदान एक हिवाळा आणि एक पावसाळा लागतो. त्यामुळे या नेमणुकीचा आदेश आताच निघायला हवा.

आपला,
एक वाचक
ता. कोपरगाव, जि. अहिल्यानगर