पहाटे चारला जंगलात जाणाऱ्या बायकांसाठी : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात आशा सेविका आहे. एप्रिल लागला की माझ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं वाढतात. घरोघरी जाऊन सांगायचं असतं की दुपारी 12 ते 4 बाहेर पडू नका, डोक्याला ओला दुपट्टा बांधा, तहान नसली तरी पाणी प्या. मी सांगून अंगणाबाहेर पडते तोवर वनरक्षक दादा येतात. ते सांगतात, नीट उजाडल्याशिवाय जंगलात शिरू नका, सांजेच्या आत घरी या, एकटंदुकटं फिरू नका. आम्ही दोघंही खरंच सांगतो. पण दोघांचं ऐकायचं म्हटलं तर तेंदूपानं तोडायला सकाळचे मोजके तासच उरतात, आणि तेवढ्यात घर चालत नाही.

मागच्या हंगामात शेजारच्या आजीनं मला दारातच अडवलं. म्हणाली, "उनानं मरू का वाघानं, तूच सांग आशाताई." मला काही सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पान कोवळं असून चालत नाही आणि जून झालं की बिडीला कामाचं राहत नाही. त्यात एखादा अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या, तर उरलेले दिवसही गेले. या पैशातून धानाचं बियाणं येतं, पोरांची वह्या-पुस्तकं येतात, उधारी फिटते. त्यामुळे पहाटे चारला गाव उठतं. जवळची झुडपं आधी येणाऱ्याला मिळतात, उशिरा येणारीला आणखी आत जावं लागतं. नऊ-दहापर्यंत गठ्ठा डोक्यावर घेऊन परत यायचं, मग दिवसभर घरातली सगळी माणसं बसून 70-70 पानांची पुडकी बांधतात. ऊन उतरायला लागलं की ती फळीवर, म्हणजे पुडकी मोजून घेतात त्या जागेवर, न्यायची, मोजून द्यायची, वाळायला मांडायची. मजुरी शेकडा पुडक्यांवर. रात्री जेवून पडलं न पडलं की पुन्हा पहाट.

ही पहाट वाघाचीही असते. हे तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण ताडोबाच्या सफारीच्या वेळा त्याच हिशेबानं ठरवलेल्या आहेत. उन्हाळ्यात गाड्या सूर्य उगवता उगवता आत सोडतात, भर दुपारी जंगल पर्यटकांना बंद असतं आणि ऊन कललं की पुन्हा फेरी सुरू होते. ऋतू बदलला की वेळही बदलते. जनावर कधी हिंडतं, कधी पाण्यावर येतं, कधी सावलीत पडून राहतं, याचा पक्का अंदाज असल्याशिवाय असं वेळापत्रक बनत नाही. पर्यटक त्या वेळेला गाडीत बसून, सोबत गाईड घेऊन जातो. आमच्या बायका त्याच वेळेला पायी जातात आणि कमरेएवढ्या झुडपात वाकून पानं तोडतात. वाकलेलं माणूस माणसासारखं दिसत नाही, हे इथल्या प्रत्येक वनमजुराला माहीत आहे.

आणि आमचे वाघ फक्त ताडोबाच्या हद्दीत राहत नाहीत. 2018 च्या गणनेत महाराष्ट्रात 312 वाघ होते, 2022 च्या गणनेत 444 झाले. आमच्या ब्रह्मपुरी वनविभागाचा बराचसा भाग राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात येत नाही. धानाची शेतं, गावं आणि मधेमधे जंगलाचे तुकडे, त्यातच वाघिणी पिल्लं वाढवतात. मला त्यांचा राग नाही. वैशाखात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा तोही जीव पाण्यात बसून राहतो, नाल्याच्या काठची गर्द सावली शोधतो. अडचण अशी की मैलभर जंगलात ओलाव्याची जागा तेवढी एकच असते आणि आमच्या बायकांनाही तीच लागते.

10 मे 2025 ला आमच्याच तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी. त्या दिवशी गावागावात काय अवस्था होती हे मी लिहू शकत नाही. दुसऱ्या पहाटे तरीही बायका निघाल्या होत्या एवढंच सांगते, कारण पानं थांबत नाहीत.

उन्हाचा बळी असा बातमीत येत नाही. गेल्या वर्षी माझ्या वस्तीतली पस्तिशीची एक बाई साडेअकराला गठ्ठा घेऊन परतली आणि विहिरीपाशी असंबद्ध बोलायला लागली. हात लावला तर कातडी कोरडी आणि तव्यासारखी. घाम थांबला की आम्हाला कळतं, वेळ थोडा आहे. कडुनिंबाखाली झोपवलं, ओली पोती टाकली, मानेला आणि काखेत ओले फडके ठेवले, 108 ला फोन केला. ती वाचली. दोन दिवसांनी भेटायला गेले तेव्हा तिनं सांगितलं की बाटलीतलं पाणी साडेआठलाच संपलं होतं. नाला जवळ होता. पण रेतीत वाघाच्या पायाचे ताजे ठसे दिसले, म्हणून ती खाली उतरली नाही. तिनं वनरक्षकाचं ऐकलं आणि म्हणून ती उन्हात सापडली. नेमक्या याच ठिकाणी तुमचं खातं आणि आरोग्य खातं एकत्र बसायला हवं होतं.

माझीही एक चूक मला उशिरा कळली. मी बायकांना कान झाकून दुपट्टा घट्ट बांधायला सांगत होते. उन्हासाठी ते बरोबरच आहे. पण कान झाकले की चितळाची हाक ऐकू येत नाही, वानरं ओरडली तरी लक्षात येत नाही, आणि जंगलात माणसाला सावध करणारं तेवढंच असतं. आता मी सांगते की झाडीत काम करताना कान उघडे ठेवा, परतीच्या वाटेवर उघड्या रानात आलात की बांधा. हे मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नाही. उन्हाचं प्रशिक्षण वेगळं होतं, वन्यप्राण्यांचं वेगळं.

मोहाचंही असंच. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्रभर गळतात आणि उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं नि रानडुकरं खातात. अस्वलालाही मोह आवडतो. ते खाण्यात गुंग असतं, माणूस अगदी जवळ गेल्यावर दचकतं आणि दचकलं की थेट तोंडावर येतं. झाडाखालचा पाला जाळून फुलं वेचायची जुनी सवय आहे, त्यातून वणवे लागतात. झाडाखाली जाळी ताणून बांधली तर फुलं मातीत पडत नाहीत, पाला जाळावा लागत नाही आणि सूर्य वर आल्यावर जाऊनही चालतं. जाळ्या द्या एवढंच मागते, त्यावर जास्त लिहीत नाही.

तेंदूचं मात्र सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी पाणी. हंगाम सुरू व्हायच्या दिवशी, बायका जिथून आत शिरतात त्या प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी झाकणाचं पिंप ठेवा आणि ते रोज भरलं जाईल याची जबाबदारी एका माणसावर टाका. प्रत्येकीला पाच लिटरचा कॅन द्या. नाल्यावर उतरायची गरजच पडली नाही तर निम्मी भीती तिथेच संपते. याला मोठा निधी लागत नाही.

मग वेळ. बायका पहाटे चारला निघतात त्या हौसेनं नाही, जवळची पानं दुसरीनं तोडू नयेत म्हणून. वनकक्ष, म्हणजे खात्यानं पाडलेले जंगलाचे भाग, आधीच गावागावांना आणि गटागटांना वाटून दिले, आज या गटानं या कक्षात तोडायचं असं ठरलं, तर घाई राहत नाही. सगळ्यांनी मिळून सहानंतर निघावं. पुढे प्राथमिक प्रतिसाद दलाची, म्हणजे वाघाच्या प्रसंगी वनखात्याला मदत करणारी गावातली पोरं आवाज करत जातील. दहाला शिट्टी, सगळ्यांनी बाहेर. ज्या कक्षात पिल्लंवाली वाघीण आहे तो कक्ष तेवढे दिवस बंद, आणि ज्यांच्या वाट्याला तो आला त्यांना बंद दिवसांची मजुरी. हा शेवटचा भाग गाळू नका. मजुरीविना बंदी घातली तर लोक चोरून जातील, तेही एकटे, आणि तेही अंधारात.

ग्रामसभेला विचारून हे होऊ शकतं. आमच्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, मिळाल्यावर तेंदूपानं तोडणं स्वतःहून बंद केलं आणि बांबूवर गाव चालवलं. प्रत्येक गावाला ते जमणार नाही, आमच्याकडे तेवढा बांबू नाही. पण जंगलात कधी जायचं आणि कधी नाही हे गाव बसून ठरवू शकतं, हे तिथे दिसलं आहे.

वाघानं माणूस मारला तर शासन 25 लाख रुपये देतं. ती रक्कम त्या घराला लागतेच, ती कमी करा असं कुणीच म्हणणार नाही. मी बोलते आहे ते आदल्या दिवसाबद्दल. कॅमेऱ्यात वाघीण कुठे दिसली हे तुमच्या कार्यालयाला कळलेलं असतं. उद्या पारा किती चढणार हे हवामान खात्यानं सांगितलेलं असतं. दोन्ही बातम्या आमच्यापर्यंत वेगवेगळ्या मोबाइलवर, वेगवेगळ्या वेळी, बऱ्याचदा सकाळी उशिरा पोहोचतात. तोवर बायका जंगलात असतात आणि तिथे नेटवर्क नसतं. ताडोबालगतच्या सीतारामपेठेत कॅमेऱ्यांवर चालणारी इशारा यंत्रणा बसवली गेली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण प्रत्येक गावात तशी यंत्रणा येईपर्यंत आम्हाला साधा एक निरोप पुरेल. उद्या अमुक कक्षात जाऊ नका, उद्या ऊन जास्त आहे, साडेनऊलाच बाहेर या. एवढाच.

तो निरोप कुठे द्यायचा हेही सांगते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला गावातल्या सगळ्या तेंदू तोडणाऱ्या बायका फळीवर पुडकी मोजून द्यायला उभ्या असतात. उद्या किती वाजता आणि कुठल्या बाजूला जायचं हे त्या तिथेच आपसात बोलून ठरवतात. वनरक्षकांना आणि मला रोज त्या वेळी तिथे एकत्र उभं राहायचा आदेश द्या. यंदाच्या तेंदूच्या लिलावाच्या अटींमध्ये पाण्याचं पिंप, दहाची शिट्टी आणि हा साडेपाचचा निरोप, तिन्ही लिहून घ्या.

आपली,
एक आशा सेविका
सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर