ब्रूस डिकिन्सन ‘हौशी वैमानिक’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याच्यावर अर्धे पान आले. नागपूरच्या मराठी वाचकाला हेवी मेटल प्रकारचे रॉक संगीत एवढ्या ऐसपैस जागेत क्वचितच भेटते, म्हणून लेखकाचे आधी आभार. पण तीन गोष्टी खटकल्या. डिकिन्सनला ‘हौशी वैमानिक’ म्हटले आहे, त्याच्याकडे ‘स्वतःचे जंबो जेट’ असल्याचे लिहिले आहे आणि त्याने ‘केवळ मनोबलाच्या जोरावर’ कर्करोगाला हरवले, असा निर्वाळा दिला आहे. तिन्ही विधाने चूक आहेत. नागपूर विमानतळालगतच्या ‘मिहान’ प्रकल्पात बोइंग विमानांची देखभाल होते, ते काम शिकणारी मुले याच शहरात राहतात, आणि खर्ऱ्यापायी (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणापायी) होणारा तोंडाचा कर्करोग इथे कोणाला नवा नाही. निदान नागपुरात तरी हे तपशील बरोबर छापले जावेत.

हौशी वैमानिक म्हणजे खासगी परवान्यावर सुटीच्या दिवशी चार आसनी सेस्ना उडवणारा माणूस. डिकिन्सनची सुरुवात तशीच झाली, १९९० च्या दशकात, अमेरिकेतल्या फ्लोरिडात. पण पुढे त्याने व्यावसायिक परवाना मिळवला आणि ‘ॲस्ट्रेअस’ या ब्रिटिश चार्टर कंपनीत तो बोइंग ७५७ चा कॅप्टन झाला. ही नोकरी होती. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये युद्ध भडकले तेव्हा तिथल्या ब्रिटिश नागरिकांना आणायला, आणि २००८ मध्ये ‘एक्सएल’ ही पर्यटन कंपनी बुडाली तेव्हा इजिप्तमध्ये अडकलेल्यांना परत न्यायला जी उड्डाणे झाली, त्यांतही तो वैमानिक म्हणून होता. अशा वैमानिकाला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर तपासणी द्यावी लागते. इंजिन बंद पडणे, आग, अर्धवट सोडलेले उड्डाण हे सगळे तिथे करून दाखवायचे असते. शिवाय मागच्या ९० दिवसांत किमान ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेली नसतील, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. गायक म्हणून तुम्ही किती मोठे आहात, याला इथे कवडीची किंमत नाही.

आता ते विमान. ‘एड फोर्स वन’ या नावाने जे विमान फोटोंत दिसते, ते बँडचे कधीच नव्हते. २००८ मध्ये ॲस्ट्रेअसचे ७५७ भाड्याने घेऊन त्यावर बँडचा रंग चढवला गेला. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला, हे लेखात यायला हवे होते. पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत २३ कार्यक्रम झाले. बँड, तंत्रज्ञ आणि सुमारे १२ टन सामान असे सगळे एकाच विमानातून फिरले.

हे १२ टन प्रकरण वाटते तितके सोपे नाही. ७५७ च्या पोटातली जागा प्रवाशांच्या बॅगांच्या हिशेबाने ठेवलेली आहे. ॲम्प्लिफायरचे रॅक, ड्रमच्या पेट्या आणि पडदे त्यात बसत नाहीत, म्हणून केबिनच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे मालाची जागा करावी लागली. खुर्च्या काढणे हे दोन दिवसांचे काम. खरा वेळ जातो मंजुरीत. माणसे आणि माल एकाच मजल्यावर असले, तर विमान अचानक थांबल्यावर माल पुढे येऊन माणसांवर आदळता कामा नये. त्यासाठी मालाला अडवणारी भिंत किंवा जाळी पुढच्या दिशेने ९ जी इतका, म्हणजे मालाच्या वजनाच्या नऊपट जोर सोसणारी असावी लागते. मालाच्या भागात धूर ओळखणारी यंत्रणा हवी, आणि तो धूर प्रवाशांकडे येणार नाही याची सोय हवी. जमिनीवर दर चौरस मीटरला किती भार चालेल याची मर्यादा वेगळीच. ड्रमची मोठी पेटी चालून जाते, पण ॲम्प्लिफायरचा भरलेला रॅक लहान जागेत खूप वजन टाकतो. त्याच्याखाली भार पसरवायला फळी घालावी लागते.

मग येतो तोल. मागे जास्त वजन गेले की गुरुत्वमध्य मागे सरकतो, विमानाचे नाक सहज वर जाते आणि ते आवरणे कठीण होते. पुढे जास्त गेले की नाक उचलायला जोर लागतो आणि धावपट्टी जास्त खाल्ली जाते. लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या तक्त्यावर, हा हिशेब प्रत्येक उड्डाणाआधी नव्याने मांडतात, कारण इंधन बदलते, माणसे बदलतात, एखादा रॅक मागे राहतो. चूक बहुधा उतरवताना होते. पुढच्या दारातून माणसे उतरून जातात, मागचा माल तसाच राहतो आणि शेपूट जमिनीकडे झुकायला लागते. म्हणून कोण आधी उतरणार आणि कोणता माल कधी निघणार, हा क्रम आधीच ठरलेला असतो. स्टेजवरचे आतषबाजीचे सामान आणि वायूचे सिलिंडर हे धोकादायक मालाच्या यादीत मोडतात. ते साध्या सामानासारखे प्रवासी विमानात घालून नेता येत नाही.

लेखातले ‘जंबो’ २०१६ च्या दौऱ्यातले. ते बोइंग ७४७-४०० होते आणि ‘एअर अटलांटा आइसलँडिक’ कंपनीचे होते. ७४७ चे पोटच एवढे मोठे की खुर्च्या काढण्याची भानगड उरली नाही, हाच मोठा फायदा. पण ७५७ च्या परवान्यावर ७४७ उडवता येत नाही (७६७ चालते, कारण ७५७ आणि ७६७ चे टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचे विमान उडवण्याची परवानगी, एकच धरतात). पन्नाशी ओलांडलेल्या डिकिन्सनला त्यासाठी नव्याने प्रशिक्षण घेऊन टाइप रेटिंग मिळवावे लागले. तेही कर्करोगाचे उपचार संपल्यानंतर वर्षभराच्या आत. विमान तो एकटा उडवत होता असा समज असेल, तर तोही काढून टाकावा. शेजारच्या खुर्चीत कंपनीचा दुसरा वैमानिक असतोच. कॉकपिटमध्ये अंतिम शब्द कॅप्टनचा, पण दोघेही एकमेकांना तपासत असतात.

याच ७४७ ला मार्च २०१६ मध्ये चिलीतल्या सँतियागो विमानतळावर अपघात झाला आणि मिहानमध्ये काम शिकणाऱ्या मुलांनी तो लक्षात ठेवावा असा आहे. इंधन भरायला नेण्यासाठी ट्रॅक्टरने विमान ओढत असताना जोडणीतली दिशा सांभाळणारी पिन निसटली. वळणावर विमानाला दिशाच उरली नाही. ते ट्रॅक्टरवर आदळले, चारपैकी दोन इंजिने आणि चाकांचा सांगाडा यांचे नुकसान झाले आणि ट्रॅक्टरवरचे दोघे जखमी झाले. ओढताना विमानाच्या पुढच्या चाकाचे हायड्रॉलिक स्टीअरिंग बायपास पिन घालून मोकळे करतात, नाहीतर ट्रॅक्टर एकीकडे आणि चाक दुसरीकडे खेचते. म्हणजे तेवढा वेळ शेकडो टनांचे धूड फक्त त्या जोडणीच्या भरवशावर वळते. म्हणून ओढण्याआधी प्रत्येक पिन हात लावून तपासायची, कॉकपिटमध्ये ब्रेकवर माणूस बसवायचा आणि ब्रेकचा दाब पुरेसा आहे ना ते पाहायचे. लाल फीत लावलेली बायपास पिन काढल्यावर ती वैमानिकाला वर धरून दाखवायची, हाही दंडकच. मेडनचा दौरा थांबला नाही. अर्जेंटिनातले पुढचे कार्यक्रम दुसऱ्या सोयीने झाले, आणि इंजिने बदलून ७४७ नंतर परत कामाला लागले.

गायकीबद्दल लेखात ‘देवदत्त आवाज’ एवढेच आहे. चूक नाही, अपुरे आहे. ७ ऑगस्ट १९५८ रोजी वर्कसॉप या नॉटिंगहॅमशरमधल्या गावी जन्मलेला हा मुलगा लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इतिहास शिकला, ‘सॅमसन’ बँडमध्ये गायला आणि १९८१ मध्ये पॉल डिॲनोच्या जागी मेडनमध्ये आला. १९८२ च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या अल्बमवर गीतकार म्हणून त्याचे नाव नाही, कारण सॅमसनच्या जुन्या कराराने त्याचे हात बांधलेले होते. नवा बँड धरण्याआधी जुन्या कराराचा कागद वकिलाला दाखवावा, हे नागपूरच्या मुलांनाही लागू आहे. त्याच अल्बमच्या शीर्षकगीताच्या दबक्या आवाजातल्या सुरुवातीच्या ओळी निर्माता मार्टिन बर्चने त्याच्याकडून तासन् तास पुन्हा पुन्हा गाऊन घेतल्या. चिडून खुर्च्या फेकण्यापर्यंत गोष्ट गेली. मोठी आरोळी लक्षात राहते, पण त्याआधीचे हळू आवाजातले गाणे जमले नाही, तर आरोळी उघडी पडते.

कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये मेडन गाणाऱ्या पोरांचे नेमके इथेच बिनसते. मूळ पट्टी तशीच ठेवण्याचा हट्ट असतो. डिकिन्सनचा गळा उंच टेनर जातीचा, आणि आपल्याकडच्या बहुतेक मुलांचा तसा नसतो. गिटार अर्ध्या किंवा एका सुराने उतरवा, पण ते तालमीच्या पहिल्याच दिवशी ठरवा, ऐनवेळी नको. दुसरे म्हणजे मेडनचा बासवादक स्टीव्ह हॅरिस याचा बास घोड्याच्या टापांसारखा एक लांब, दोन आखूड अशा चालीत पळत असतो. त्याच्या मागे धावणारा गायक श्वास कुठे घ्यायचा तेच विसरतो. शब्दांच्या कागदावर श्वासाच्या जागी खुणा करून ठेवाव्यात. तिसरे, मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गायक ओरडतो, अर्ध्या तासात घसा बसतो आणि दोष गाण्याच्या उंचीला दिला जातो. साउंडवाल्याला गायकाचा मॉनिटर सगळ्यांत आधी लावायला सांगा, ड्रम नंतर. विमानातल्या हवेत आर्द्रता सहसा २० टक्क्यांच्याही खाली असते, तेव्हा उडून जाऊन गाणाऱ्याने आपला घसा कसा राखला असेल, हा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता.

मधली वर्षे लेखात आटोपती घेतली आहेत, ते ठीक. १९९३ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला आणि १९९९ मध्ये परतला. युद्धाच्या वेढ्यात असलेल्या बोस्नियातल्या सारायेवोत डिसेंबर १९९४ मध्ये, इग्मान डोंगरावरून ट्रकने जाऊन केलेला कार्यक्रम मात्र एका वाक्यात उडवायला नको होता. तलवारबाजीत फॉइल प्रकारात तो एकेकाळी ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता, हे न छापल्याने कोणाचे अडले नाही. ‘द बुक ऑफ सोल्स’ या २०१५ च्या अल्बमचा शेवट करणारी १८ मिनिटांची रचना त्याने पियानोवर बसवली. ती आर-१०१ या, वायूच्या फुग्यांवर तरंगणाऱ्या ब्रिटिश हवाई जहाजाविषयी आहे. कराचीला निघालेले हे जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळले आणि ४८ जण दगावले. त्याची गाणी आणि विमाने किती जवळची आहेत, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

राहता राहिले ‘मनोबल’. डिसेंबर २०१४ मध्ये निदान झाले. जिभेच्या मुळाशी एक गाठ, मानेच्या लसिकाग्रंथीत दुसरी. अल्बमचे ध्वनिमुद्रण त्याआधीच झाले होते, म्हणून त्यातल्या आवाजावरून उपचारांचा अंदाज बांधू नये. ३३ वेळा रेडिएशन आणि सोबत केमोथेरपी झाली, आणि मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी तो रोगमुक्त असल्याचे सांगितले. कारण होते एचपीव्ही हा विषाणू, आणि ते त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. या विषाणूमुळे होणारा घशाचा कर्करोग रेडिएशन आणि केमोला तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगापेक्षा बरा प्रतिसाद देतो. त्याच्या बरे होण्यात याचा वाटा मोठा आहे. ज्यांचा माणूस याच आजारात गेला, त्यांच्या माणसात मनोबल कमी होते, असे आपली पुरवणी नकळत सांगून गेली.

नागपूरचे चित्र वेगळे आहे. खर्ऱ्यातली सुपारी गालाच्या आतली त्वचा ताठ करते. तोंडात आधी तीन बोटे उभी जात, मग दोन, मग चमचाही जाईना, असा तो प्रवास असतो. पुढे गालात किंवा हिरडीजवळ न भरणारी जखम होते. ती आरशात दिसते. जिभेच्या मुळाशी असलेली गाठ आरशात दिसत नाही. बहुतेकदा मानेतली न दुखणारी गाठ हीच तिची पहिली खूण. म्हणून मानेत गाठ, एकाच बाजूचा घसा दुखणे किंवा बसलेला आवाज तीन आठवड्यांवर टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून आत दुर्बीण घालून तपासून घ्यावे. खर्रा खात नाही म्हणून थांबू नये. रेडिएशनआधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन किडलेले दात काढून घेतात, कारण नंतर लाळ कमी होते, दात झपाट्याने किडतात आणि तेव्हा दात काढला तर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. गाणाऱ्याला लाळेची ही कमतरता जास्त जाणवते. उपचारानंतर पाण्याची बाटली स्टेजवर कायमची सोबत होते.

एचपीव्हीची लस पुण्यातही बनते. ९ ते १४ वर्षे वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ वर्षांपुढे तीन. ती फक्त मुलींसाठी असते असा समज आहे. मुलग्यांनाही ती देता येते.

आपला,
एक वाचक
सोनेगाव, नागपूर