हलकी रॉड निवडून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि गाडी थेट वाऱ्या-पावसावर नेता. म्हणून लिहूनच टाकते, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मिनेसोटातल्या आपल्या मराठी मंडळींत मस्की या मोठ्या शिकारी माशाच्या नादी लागलेले बरेच झालेत, आणि खांदा, कोपर धरून बसलेलेही.

मस्कीला इकडे दहा हजार कास्टचा (फेकींचा) मासा म्हणतात. अतिशयोक्ती असेल, पण दिवसभर फेकत राहायचं आणि ओढत राहायचं हे खरंच. त्यासाठी सर्रास सांगितली जाते ती नऊ फुटी एक्स्ट्रा हेवी रॉड, दोरी गुंडाळायचं मोठं रील आणि शंभर पौंडांचा ताण झेलणारी दोरी. सहा फुटी धिप्पाड माणसाच्या हातात ते शोभतं. माझा खांदा दुखायला लागल्यावर कुणी म्हणालं व्यायाम कर, कुणी म्हणालं मस्की सोड, हलक्या सामानावर मिळणारा वॉलआय मासा धर. एका दुकानात तर चक्क ट्राउटला शोभेल असं नाजूक स्पिनिंग रील पुढे केलं. तुम्ही मात्र एवढंच म्हणालात, "लुअरचा डबा घेऊन ये." (लुअर म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष.)

तुमच्या गराजमध्ये काकूंचा स्वयंपाकघरातला वजनकाटा मांडून तुम्ही एकेक लुअर तोललंत आणि त्याच्या खणात मार्करने ग्रॅम लिहिलेत. (काकूंनी तो काटा परत घेतला नाही, आणि योग्यच केलं.) जवळजवळ सगळी बकटेल आणि स्पिनरबेट (फिरत्या पात्यांची लुअर) आणि टॉपवॉटर (पाण्यावर चालणारी) २५ ते ६० ग्रॅममध्ये बसली. पाव किलोच्या घरात जाणारं रबरी धूड एकच, तेही ऑक्टोबरशिवाय बाहेर न निघणारं. "या एका धुडासाठी बाकीच्या डब्याने का शिक्षा भोगायची?" हा तुमचा प्रश्न मी आता इतरांनाही विचारते.

मग रॉडचा शोध सोपा झाला. 'हेवी', 'मीडियम-हेवी' या शब्दांवर जायचं नाही हे तुम्ही बजावलंत, कारण प्रत्येक कंपनीचं हेवी वेगळं, आणि बास या लहान माशाच्या रॉडचं हेवी मस्कीच्या रॉडच्या हेवीपेक्षा कितीतरी मऊ. रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत लुअरचं वजन छापलेलं असतं, ते वाचायचं. आपण एक ते तीन औंसवाली, म्हणजे साधारण ३० ते ८५ ग्रॅमची, साडेसात फुटी रॉड घेतली. आणि तुम्ही मला दुकानात लाइफ जॅकेट घालून उभं केलंत! लोक बघत होते. पण लांब मूठ जॅकेटला कशी अडकते ते तिथेच कळलं. आखूड मुठीची रॉड घेतली, आता मनगट मोकळं फिरतं.

रीलच्या बाबतीत तुमचा नियम मला सर्वांत आवडला: डब्यावरचं वजन वाचू नका, रॉडला लावून तोलून बघा. रील फारच हलकं असेल तर रॉडचं टोक खाली झुकतं आणि ते सावरण्यात मनगट जातं. शेवटी ३०० मापाचं लो-प्रोफाइल, म्हणजे चपटं, रील माझ्या तळव्यात नीट बसलं. मोठ्या गोल रीलभोवती माझी बोटं पुरतच नाहीत. वर लांब दांड्याचं हँडल, आणि गिअर ५ ते ६ च्या मधला, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचं चाक तेवढ्या वेळा फिरवणारा. सातच्या वरचा गिअर दोरी भराभर गुंडाळतो, पण लुअरचं मोठं पातं पाण्यातून ओढताना सगळा भार हातावर येतो. फेकताना वजन छळतं, ओढताना पाती, हे तुम्ही सांगेपर्यंत कुणी सुटं करून सांगितलंच नव्हतं. दोन १० नंबरच्या पात्यांऐवजी आता मी त्याहून लहान, ८ नंबरचं एकेरी पातं वापरते.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही तसूभर हलला नाहीत. रॉड हलकी, रील हलकं, पण दोरी नाही. मी तीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) म्हणाले तर तुमच्या भुवया वर गेल्या. जड लुअर फेकताना रीलमध्ये गुंता झाला की बारीक दोरी तटकन तुटते, आणि लुअर तीन गळांसकट उडतं ते कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. शिवाय कच्च्या दोरीवर मासा खेळवत बसलं तर तो दमून दमून सोडल्यावरही मरू शकतो. मिनेसोटात बहुतेक तलावांवर ५४ इंचांखालची मस्की ठेवताच येत नाही, म्हणजे जवळपास प्रत्येक मासा सोडायचाच असतो. म्हणून ६५ पौंडी ब्रेड आणि दातांसाठी जाड लीडर, म्हणजे दोरी आणि लुअरच्या मधला मजबूत तुकडा. पाणी ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसच्या, आसपास गेलं की मस्कीचा नाद सोडून द्यायचा, हेही तुमचंच. खोल मऊ जाळं आणि गळ कापायची पक्कड घेतल्याशिवाय तुम्ही मला काउंटरवर पैसे देऊ दिले नाहीत.

पाइकची, म्हणजे मस्कीच्या लहान चुलत भावंडाची, गंमत तर वेगळीच. जुन्या रॉडवर चोवीस इंची पाइक पाण्यावरून नुसती घसरत यायची, कळायचंही नाही. आता तीच पाइक गवताच्या कडेला मान झटकते तेव्हा रॉड मुठीपर्यंत वाकते. कोकणात खाडीवर गरवणाऱ्या माझ्या मामाला व्हिडिओ पाठवला, तर तो म्हणाला, "हां, आता कसं!"

हे सगळं तुमच्यामुळे, काका. खांदा पूर्ण बरा झालाय असं नाही, पण संध्याकाळी वरच्या फळीवरचा डबा काढता येतो.

एक शंका उरली आहे. मस्की लुअरमागे बोटीपर्यंत येते आणि मी तिला भुलवायला रॉडच्या टोकाने पाण्यात आठचा आकडा काढते, तेव्हा आखूड रॉडमुळे वळण लहान पडतं. मासा लांब असला की त्या वळणात तो लुअरला चुकतो. गुडघ्यावर बसून टोक खोल बुडवलं तर जमतं, पण माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. त्याच वजनाची आठ फुटी रॉड बघू का? जूनच्या पहिल्या शनिवारी मस्कीचा हंगाम उघडतो, त्याआधी कळवा.

काकूंना नमस्कार. नवा वजनकाटा माझ्याकडून, तो पाठवलाय.

तुमची,
साडेसात फुटी रॉडवाली