कॅम्परची बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग बघा

मा. संपादक,
स. न.

गणपती आटोपले की पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या कॅम्पर व्हॅन (आत राहायची सोय असलेल्या गाड्या) बाहेर निघतात आणि किनाऱ्यावरच्या गॅरेजांत ठरलेल्या तक्रारी येऊ लागतात. पाण्याचा पंप दमल्यासारखा चालतो, दिवे मिणमिणतात, फ्रिज मध्येच बंद पडतो. उपाय म्हणून सरळ नवी बॅटरी बसवली जाते आणि दुखणं तसंच राहतं. कारण बहुतेकदा खाऱ्या वाऱ्याने अर्थिंगच, म्हणजे निगेटिव्ह वायरचा चासीशी (गाडीच्या सांगाड्याशी) असलेला जोडच, खाल्लेलं असतं.

चासीवरच्या बोल्टखाली मीठ आणि दमट हवा शिरली की थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवी पावडर धरते आणि जोडाचा रोध वाढतो. तो ०.२ ओहम एवढाच असला तरी ७ अँपिअर ओढणाऱ्या पंपाच्या वाटेत १.४ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. फसगत अशी की पंप बंद ठेवून मीटर लावला तर १२.६ व्होल्ट पुरेपूर दिसतात. वीज वाहतच नसेल तर घट दिसणार कशी? म्हणून पंप आणि दिवे चालू ठेवूनच मोजावं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं पंपाच्या काळ्या वायरवर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर दुसरं टोक एकेक जोड मागे सरकवत न्या. आकडा जिथे एकदम पडेल, त्याच्या अलीकडचा, म्हणजे पंपाकडचा जोड खराब.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी करून तो बोल्ट काढा आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा. वायर आतून काळी पडली असेल तर लाल तांबं दिसेपर्यंत कापा, कारण खारं पाणी तारांमधून आत चढत जातं. कल्हई केलेलं नवं थिंबल आणि दातेरी वॉशर घालून आवळा, आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. पीळ मारून वर टेप गुंडाळलेला जोड इथे फार टिकत नाही.

बॅटरीचीही परीक्षा होऊ द्या. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून, सगळा लोड तोडून रात्रभर ठेवली तर सकाळी १२.७ च्या आसपास आकडा हवा; १२.४ च्या खाली गेला तर ती खरंच थकली आहे. आणि आगोटीलाच, पावसाळा लागायच्या आधी, मेन स्विच बंद करून ठेवा. गॅस अलार्म किंवा म्युझिक सिस्टीमने ०.०५ अँपिअर जरी ओढलं तरी १२० दिवसांत १४४ अँपिअर-तास होतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी त्याआधीच मरते.

छताची गळती वेगळी डोकेदुखी. पाणी आत एकीकडे टपकतं, पण शिरलेलं असतं भलतीकडे, बहुधा छतावरच्या पंख्याच्या किंवा सोलर पॅनेलच्या स्क्रूतून. मग्याने पाणी ओतत खालून वर, जोडाजोडाला पाच-पाच मिनिटं थांबत या. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. सगळं खरवडून पॉलियुरेथेन सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याजवळ नकोच, त्याने गंज लागतो.

गॅसच्या कप्प्याच्या तळाचं भोक धूळ येते म्हणून बुजवलेलं अनेक गाड्यांत दिसतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर त्याच भोकातून बाहेर पडायचा असतो. ते आजच मोकळं करा.

दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटींवर ओहोटीला उतार तीव्र होतो आणि सांडपाण्याच्या टाकीचा मागचा व्हॉल्व्ह जमिनीला घासतो. चढण्याआधी वाकून बघावं. वर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे गाडीच्या पोटात बसतात ते वेगळेच. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता निदान जेट्टीवर आणि कॅरव्हॅन उभ्या राहतात तिथे गोड्या पाण्याचा एक नळ आणि सांडपाणी सोडायला एक चेंबर द्यावं. गाडी धुताना पाइप आधी चासीखाली धरायचा, टपाचं नंतर बघता येतं.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, रत्नागिरी